कुंपण घालणारा पहिला माणूस

रूसो म्हटलं की आपल्याकडे लगेच "निसर्गाकडे परत चला" हे वाक्य आठवतं. मॅट्रिकच्या गाईडपासून बी.ए.च्या नोट्सपर्यंत ते सगळीकडे असायचं. गंमत म्हणजे हे वाक्य रूसोने कुठे लिहिलेलंच नाही. उलट ज्या निबंधावरून ही समजूत पसरली, त्याच्याच एका टिपेत तो विचारतो की समाज मोडून, माझं-तुझं पुसून अस्वलांबरोबर रानात राहायला जायचं का? आणि म्हणतो, असला निष्कर्ष माझे विरोधकच काढतील. त्यांनी तो काढलाच!

फ्रान्समधल्या दिजाँ गावच्या अकादमीने १७५३ साली निबंधस्पर्धेसाठी विषय दिला: माणसामाणसांतल्या विषमतेचा उगम कशात आहे, आणि निसर्गनियमाची तिला संमती आहे का? राजेशाहीच्या काळात असा प्रश्न जाहीरपणे छापून यावा, हेच मला फार नवलाचं वाटतं. घड्याळजीचा मुलगा असलेल्या रूसोने याच अकादमीचं बक्षीस १७५० साली मिळवलं होतं. या खेपेला मात्र ते दुसऱ्याच कुणाला मिळालं. निबंध १७५५ साली ॲमस्टरडॅमला छापला गेला. बक्षीस मिळालेला निबंध आज कोण वाचतं?

रूसो आधी विषमतेचे दोन भाग पाडतो. वय, ताकद, तब्येत, बुद्धी यांतला फरक निसर्गाने दिलेला. श्रीमंती, मानमरातब, हुकूम चालवण्याची सत्ता हा फरक माणसांनी ठरवलेला, आणि माणसांच्याच संमतीवर टिकलेला. या दोहोंचा काही संबंध आहे का, म्हणजे हुकूम देणारे ऐकणाऱ्यांपेक्षा खरोखरच श्रेष्ठ असतात का, हा प्रश्न धन्यासमोर गुलामांनी चर्चेला घेण्यापुरता ठीक, असा टोला तो जाता जाता मारतो.

पण मला सर्वांत आवडतो तो झोपड्यांचा भाग. माणसं एकत्र राहू लागली, संध्याकाळी झोपड्यांपुढे किंवा मोठ्या झाडाखाली जमून गाऊ-नाचू लागली. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला, आणि आपल्याकडेही कुणी बघावं असं त्याला वाटू लागलं. सर्वांत चांगला गाणारा, सर्वांत देखणा, बोलण्यात चतुर, यांना जास्त मान मिळू लागला. रूसोच्या मते विषमतेची पहिली पायरी ही. त्यात जमीन नाही, पैसा नाही, राजा नाही, नुसतं बघणं आहे. स्वतःचा जीव जपण्याची ओढ प्राण्यांतही असते. पण दुसऱ्याच्या डोळ्यांत आपली किंमत किती हे पाहत जगणं, हे दुखणं समाजात आल्यावरचं. वर्गात पहिला नंबर पुकारला की बाकीच्या पोरांचे चेहरे कसे होतात, हे ज्याने तीस-पस्तीस वर्षं पाहिलंय त्याला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढे लोखंड आणि धान्य आलं. शेती आली म्हणजे वाटणी आली, आणि कुणीतरी जमिनीला कुंपण घालून "हे माझं" म्हणाला. ऐकणारे भोळे निघाले. रूसो त्या माणसाला नागरी समाजाचा खरा संस्थापक म्हणतो. (नागरी समाज म्हणजे आजच्यासारख्या स्वयंसेवी संस्था नव्हेत, तेव्हा त्याचा अर्थ कायद्याने चालणारा, राज्यसंस्था असलेला समाज.) मग लुटालूट वाढली, तिची धास्ती अर्थातच श्रीमंतांना जास्त. त्यांनी शक्कल काढली: चला, सगळ्यांच्या रक्षणासाठी कायदे करू. गरिबांनाही ते पटलं. चोरीमारीने आलेली मालकी अशी कायदेशीर हक्क होऊन बसली.

व्हॉल्तेअरने पत्र पाठवून थट्टा केली की हे पुस्तक वाचून चार पायांवर चालावंसं वाटतं. थट्टा झकास आहे, पण ते उत्तर नव्हे. खरं उत्तर स्कॉटलंडहून आलं. ॲडम फर्ग्युसन हा गेलिक बोलणाऱ्या डोंगराळ मुलखातला, हायलँडर पलटणीत पाद्री राहिलेला आणि पुढे एडिंबरोला प्राध्यापक झालेला. नागरी समाजाच्या इतिहासावरच्या त्याच्या १७६७ च्या ग्रंथात तो म्हणतो की माणूस सदैव टोळीतच सापडतो. एकटा रानटी माणूस कुणी पाहिलाय? समाजाच्या संस्था माणसांच्या हातून घडतात, पण कुणी आराखडा काढून घडवत नाही. म्हणजे कुंपणवाल्या एका लबाडाची गरजच उरत नाही.

मला फर्ग्युसनचं म्हणणं जास्त खरं वाटतं. रूसोने स्वतःही सुरुवातीलाच सांगून टाकलंय की आपण घडलेला इतिहास नव्हे, तर्क मांडतो आहोत. शिवाय तुर्कस्तानातल्या गोबेक्ली टेपेला शेती रुजण्याआधीचे, अकरा हजार वर्षांपूर्वीचे भले थोरले दगडी खांब सापडले. तेव्हा आधी शेती आणि मग मोठे समाज, ही सरळ शिडी आता डळमळली आहे. पण कुंपण आपोआप उभं राहिलं असं मानलं की त्याचा जाब कुणाला विचारायचा? रूसोने तो विचारायला शिकवलं.

माणूस म्हणून तो अवघडच. जिनीव्हा गणराज्याला त्याने हा निबंध मोठ्या प्रेमाने अर्पण केला, पण त्याच शहरात जन्मलेल्या कितीतरी रहिवाशांना राजकीय हक्क नव्हते, त्याबद्दल अर्पणपत्रिकेत तक्रार नाही. स्वतःची पाच मुलं त्याने पॅरिसच्या अनाथालयात टाकली, आणि पुढे १७६२ साली मुलांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला. असो.

कुंपणाचा हिशेब मांडला तो टॉमस पेनने, १७९७ च्या एका पुस्तिकेत. जमीन मुळात सर्वांची. मशागतीने वाढलेली किंमत तेवढी मालकाची. तेव्हा वारसाहक्कावर कर बसवून निधी उभारा आणि त्यातून प्रत्येकाला, मग तो पुरुष असो की स्त्री, गरीब असो की श्रीमंत, एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्या. ही भीक नव्हे, हक्क आहे, असं तो बजावून सांगतो.

याच पेनचा मानवी हक्कांवरचा ग्रंथ पुण्यात जोतीराव फुल्यांनी तरुणपणी वाचला. त्यांचं 'गुलामगिरी' १८७३ साली आलं, तेव्हा अमेरिकेतल्या गुलामांची मुक्तता करणाऱ्या तिथल्या लोकांना त्यांनी ते अर्पण केलं होतं.