गळ्यातील गाठ : एक इतिहास

प्रौढ वयात गळ्याला गाठ लागली की आपल्या मनात कर्करोगाचीच शंका येते. पण ही गाठ एका कुळीची नव्हे, हे इतिहास आपल्याला सांगतो. बर्नचे शल्यविशारद कोखर गलगंडासाठी अवटुग्रंथी, म्हणजे थायरॉइड, समूळ काढीत. पुढे अनेक रोगी सुस्त व मंदबुद्धी झालेले दिसले. १८८३ साली त्यांनी स्वतःच ते जगापुढे मांडले. १९०९ चे नोबेल पारितोषिक याच ग्रंथीवरील कार्यासाठी त्यांना मिळाले. जपानी वैद्य हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये दाहजन्य सूज वेगळी ओळखली. कांगडा खोऱ्यात १९५६ पासून रामलिंगस्वामींनी आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड ओसरतो हे दाखविले. उलट १९८६ मध्ये चेर्नोबिलचे किरणोत्सर्गी आयोडीन दुधावाटे मुलांच्या पोटात गेले, आणि पुढे अनेकांच्या याच ग्रंथीत कर्करोग उद्भवला.

बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. पण आपली कोणती, हे चाचपून कळत नाही. सोनोग्राफी आणि गरज पडल्यास बारीक सुईने काढलेल्या पेशींची तपासणी ते सांगते. तेव्हा आपण गाठ भिऊन कापू नये, आणि भिऊन लपवूही नये.