सिनेमाचं रेटिंग नेमकं काय सांगतं? जुहूतल्या ॲपपासून थिएटरबाहेरच्या माइकपर्यंत

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की शनिवारी सकाळपर्यंत फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट येतो. कुणी ‘९.२’ असा आकडा टाकतं, कुणी थिएटरबाहेर कॅमेऱ्यासमोर ओरडणाऱ्या पोरांचा व्हिडिओ, तर कुणी ‘इंटरव्हललाच उठून आलो’ अशी एका ओळीची स्टोरी. त्यावरून घरात ठरतं, तिकीट काढायचं की दोन महिने थांबून ओटीटीवर बघायचं.

या तिन्ही गोष्टींना सरसकट ‘रिव्ह्यू’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात प्रत्येकीत वेगळं काहीतरी मोजलेलं असतं. आणि त्यावर कुणाचा सिनेमा सोमवारी थिएटरात राहणार, हेही अवलंबून असतं. म्हणून हे आकडे कुठून येतात ते एकदा नीट समजून घेऊया.

जुहूचा पत्ता असलेला आकडा

भारतात सिनेमाचा सगळ्यात जास्त शेअर होणारा आकडा बहुधा बुकमायशोवरचा. या ॲपची मूळ कंपनी बिगट्री एंटरटेनमेंट. आशिष हेमराजानी यांनी ती १९९९ मध्ये सुरू केली आणि २००७ पासून ती बुकमायशो या नावाने लोकांसमोर आली. कंपनीचा पत्ता जुहू स्कीममधला, गुलमोहर क्रॉस रोडवरचा. म्हणजे ज्या भागात निम्मी हिंदी सिनेसृष्टी राहते, तिथूनच तिच्या सिनेमांची प्रेक्षकांनी लावलेली किंमत देशभर जाते. योगायोग म्हणून सोडून द्या, पण मजेशीर आहे.

ॲपवर सिनेमाच्या पानावर वेगवेगळ्या वेळी वेगवेगळे आकडे दिसतात आणि घोळ इथेच होतो. सिनेमा लागण्याआधी दिसतो तो ‘इंटरेस्टेड’चा आकडा. एवढ्या लाख लोकांनी उत्सुकता दाखवली, एवढाच त्याचा अर्थ. ट्रेलर बघून, हिरोच्या प्रेमापोटी किंवा नुसतंच बोट लागून दाबलेलं ते बटण असतं. सिनेमा कुणी पाहिलेलाच नसतो. तरी हा आकडा ‘लोकांना प्रचंड आवडला’ अशा मथळ्यांखाली फिरताना दिसतो.

सिनेमा लागल्यावर येतं ते रेटिंग. पूर्वी ते टक्क्यांत दिसायचं, आता दहापैकी दिसतं. त्याच्या शेजारी कंसात किती जणांनी मत दिलं ते लिहिलेलं असतं आणि स्क्रीनशॉट कापताना नेमका तोच कंस कापला जातो. दोनशे मतांचं ९.२ आणि दोन लाख मतांचं ९.२ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. खाली लिहून आलेल्या अभिप्रायांमध्ये काहींच्या नावाजवळ तिकीट याच ॲपवरून काढल्याची खूण असते. त्या माणसाने निदान पैसे मोजले आहेत, एवढं तरी त्यातून कळतं.

अमेरिकेत रॉटन टोमॅटोज या साइटने हा धडा २०१९ मध्ये घेतला. ‘कॅप्टन मार्व्हल’ लागायच्या आधीच लोक तिथे त्याच्याविरुद्ध धडाधड नोंदी करत होते. मग साइटने प्रदर्शनाआधीच्या प्रतिक्रिया बंद केल्या आणि काही महिन्यांत तिकीट काढल्याची खात्री झालेल्या प्रेक्षकांचं रेटिंग वेगळं दाखवायला सुरुवात केली.

सरासरी कुठे फसवते?

समजा, १०० जणांनी मत दिलं. ६० जणांनी दहापैकी १०, तर ४० जणांनी १ दिला. सरासरी येते ६.४. आता दुसरा सिनेमा घ्या. ६० जणांनी ६ दिले, ४० जणांनी ७. सरासरी पुन्हा ६.४. पहिल्या सिनेमावरून लोकांत भांडण आहे, दुसरा सगळ्यांना बरा वाटलाय. ॲपवर मात्र दोघे एकाच रांगेत.

म्हणूनच आयएमडीबी साधी सरासरी दाखवत नाही. तिथे मतांना वजन दिलं जातं आणि ते नेमकं कसं, हे साइट मुद्दाम सांगत नाही, कारण सांगितलं तर लोक त्यातून वाट काढतील. मार्च २०२२ मध्ये ‘द काश्मीर फाइल्स’च्या पानावर एक सूचना झळकली होती. मतदानात नेहमीपेक्षा वेगळी हालचाल दिसल्याने वेगळी पद्धत लावून रेटिंग काढलं आहे, अशा अर्थाची. रेटिंग दहाच्या जवळून आठच्या घरात आलं आणि त्यावरूनही ऑनलाइन वाद झाला. उलट टोकाचं उदाहरण ‘सडक २’चं. ऑगस्ट २०२० मध्ये, सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर घराणेशाहीविरुद्ध राग धुमसत असताना तो हॉटस्टारवर आला आणि त्याचं रेटिंग १ च्या आसपास जाऊन बसलं. सिनेमा फारसा चांगला नव्हता, हे कबूल. पण एवढ्या खाली जाणारं रेटिंग पटकथेबद्दल काही सांगत नसतं.

दोन्ही वेळा लोकांनी मत दिलं होतं. ते सिनेमाबद्दल कमी आणि आपण कुठल्या बाजूला आहोत, याबद्दल जास्त होतं.

माइक घेऊन उभा असलेला मुलगा

जुहूत चंदन नावाचं सिंगल स्क्रीन थिएटर होतं. शुक्रवारचा पहिला शो सुटला की टीव्ही चॅनेलवाले आणि नंतर यूट्यूबवाले लोकांना गाठण्यासाठी ज्या मोजक्या थिएटरांबाहेर उभे राहायचे, त्यात चंदनचं नाव होतं. २०१७ मध्ये ते बंद झालं. वांद्र्याच्या गेटी-गॅलेक्सीबाहेर हा प्रकार अजून जोरात चालतो. ढोल, फटाके, हिरोच्या कटआउटला हार आणि मध्येच माइक पुढे करून ‘कितने स्टार दोगे?’

हे व्हिडिओ बघायला धमाल असतात. त्यात प्रेक्षकाचा आवाज खरा असतो, त्याच्या भाषेत असतो आणि कुठल्याही समीक्षकापेक्षा लवकर येतो. एखादी मावशी रडत बाहेर येते आणि ‘सासूला घेऊन परत येणार’ म्हणते, तेव्हा त्या दहा सेकंदांत सिनेमाबद्दल बरंच कळतं.

अडचण वेगळीच आहे. पहिल्या दिवशीचा पहिला शो कोण बघतं? ज्याला तो सिनेमा आवडायचाच आहे, तो माणूस. सकाळी नऊच्या शोला सुट्टी टाकून आलेल्या चाहत्याला सिनेमा कसा वाटला हे विचारणं म्हणजे नवऱ्यामुलाच्या आईला मुलगा कसा आहे, हे विचारण्यासारखं आहे. अमेरिकेत सिनेमास्कोर ही कंपनी सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून छापील कार्डं भरून घेते आणि ‘ए प्लस’ ते ‘एफ’ अशी श्रेणी देते. तिथेही हीच मर्यादा आहे, म्हणून जाणकार त्या श्रेणीकडे ‘ज्यांना बघायचा होता त्यांची अपेक्षा पुरी झाली का’ एवढ्याच नजरेने बघतात. बाकीच्यांना तो आवडेल का, हे त्यातून कळत नाही.

दुसरी अडचण एडिटिंगची. चाळीस जणांशी बोलून सहा जण दाखवले जातात. शांतपणे ‘पहिला भाग बरा, दुसरा लांबला’ म्हणणारा माणूस त्यात सहसा नसतो, कारण त्याला व्ह्यूज मिळत नाहीत.

तिसरा प्रकार खास जुहूचा म्हणावा असा. इथल्या डायनॅमिक्स मॉलमधल्या पीव्हीआरमध्ये सिनेमांचे खास खेळ होतात. बाहेर पडणारे कलाकार कॅमेऱ्यासमोर ‘मास्टरपीस’ म्हणून जातात. ते मित्राच्या सिनेमाला आलेले असतात. लग्नात जेवण कसं होतं हे दारातच विचारलं तर कुणी खरं सांगत नाही, तसंच हे.

सोमवारी काय होतं?

मोठ्या हिंदी सिनेमाला वाईट रेटिंग आलं, तरी त्याचे शुक्रवार ते रविवारचे शो आधीच लागलेले असतात आणि ओटीटी, सॅटेलाइटचे हक्कही बहुतेक वेळा विकलेले असतात. मराठी सिनेमाची गोष्ट वेगळी. त्याला मुळात शो कमी मिळतात आणि जे मिळतात, ते पहिल्या वीकेंडला भरले नाहीत तर सोमवारपासून आणखी कमी होतात. मल्टिप्लेक्समधल्या मराठी शोच्या वेळांचा वाद एवढा जुना आहे की, २०१५ मध्ये राज्य सरकारला त्यात पडावं लागलं. आधी संध्याकाळी ६ ते ९ हा प्राइम टाइम मराठीला द्या, असं ठरलं. मग विरोध झाल्यावर ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल केली गेली.

म्हणजे मराठी निर्मात्याच्या हातात जेमतेम तीन दिवस. पोस्टर, होर्डिंगला बजेट नाही. उरतं ते ‘माऊथ पब्लिसिटी’. इंग्रजी बोलणारे याला दुसऱ्याच नावाने ओळखतात, पण मराठी सिनेमावाल्यांत हाच शब्द चालतो.

ती किती ताकदीची असते, हे ‘बाईपण भारी देवा’ने दाखवलं. केदार शिंदेंचा हा सिनेमा ३० जून २०२३ ला लागला. साधारणपणे दुसऱ्या आठवड्यात कमाई घसरते. इथे दुसऱ्या आठवड्याची कमाई पहिल्यापेक्षा जास्त झाली. भिशीचे ग्रुप, सोसायटीच्या बायका, शाळेच्या मैत्रिणी नऊवारी नेसून, गॉगल लावून थिएटरात गेल्या आणि त्यांनी फोटो टाकले. ते फोटो बघून पुढचा ग्रुप गेला. त्यांतल्या किती जणींनी ॲपवर स्टार दिले असतील, शंकाच आहे. त्यांचं मत कुठल्याच रेटिंगमध्ये आलं नाही, थेट तिकीटखिडकीवर आलं. त्याआधी २०१६ मध्ये ‘सैराट’चंही असंच झालं होतं. त्यात तर मोठा स्टारच नव्हता.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या छोट्या सिनेमाला मुळात आठ-दहा शो मिळालेत, त्याच्यावर शुक्रवारी दुपारी एखाद्या मोठ्या फॉलोअर्सवाल्या पेजने न बघताच ‘टुकार’ असा शिक्का मारला, तर रविवारपर्यंत तो शिक्का पुसायला वेळच उरत नाही. मोठ्या बॅनरचा सिनेमा असा शिक्का पचवतो.

मग रिव्ह्यूच बंद करायचे?

दक्षिणेत निर्मात्यांनी तसा प्रयत्न केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये केरळात ‘राहेल मकन कोरा’ या सिनेमाच्या दिग्दर्शकाच्या तक्रारीवरून काही ऑनलाइन रिव्ह्यू करणाऱ्यांवर गुन्हा दाखल झाला. केरळ उच्च न्यायालयातल्या प्रकरणात न्यायालयाला मदत करणाऱ्या वकिलांनी मार्च २०२४ मध्ये सुचवलं की, व्लॉगर्सनी पहिले ४८ तास रिव्ह्यू टाकू नयेत. तामिळनाडूत ‘कंगुवा’ आपटल्यावर नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्मात्यांच्या संघटनेने थिएटरांना सांगितलं की, यूट्यूब चॅनेलना आवारात माइक घेऊन येऊ देऊ नका. पुढे पहिले तीन दिवस रिव्ह्यूंवर बंदी घाला, ही मागणी मद्रास उच्च न्यायालयाने मान्य केली नाही. डिसेंबर २०२५ मध्ये ‘द डेव्हिल’ या कन्नड सिनेमाच्या वेळी तर कोर्टाच्या आदेशानंतर बुकमायशोवर रेटिंग आणि अभिप्राय बंद ठेवले गेले.

निर्मात्यांची तक्रार अगदीच खोटी नाही. पैसे घेऊन चढवणारे आणि पैसे न मिळाल्याने पाडणारे, दोन्ही प्रकारचे लोक या धंद्यात आहेत. पण ४८ तासांच्या बंदीने ते थांबणार नाहीत. थांबेल तो पदरचे तीनशे रुपये मोजून ‘नका जाऊ’ सांगणारा माणूस.

इथे जुहूचेच एक जुने रहिवासी आठवतात, ख्वाजा अहमद अब्बास. सिनेमे लिहिण्या-बनवण्याआधी ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये समीक्षक होते. पुढे आपल्या माहितीपटाच्या सेन्सॉरविरुद्ध ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९७० मध्ये न्यायालयाने सिनेमाला प्रदर्शनाआधी तपासणं वैध ठरवलं. ती तपासणी सिनेमाला आहे. सिनेमाबद्दलच्या मताला प्रमाणपत्र लागत नाही आणि ४८ तासांच्या मागणीने नेमकं तेच बदललं असतं.

तुमचं मत टाकताना

सिनेमा भंगार आहे, अभिनय फालतू आहे, पैसे वाया गेले, हे सगळं लिहिता येतं. व्यक्तीवर आरोप केले की प्रकरण बदलतं. २०२१ मध्ये ‘राधे’च्या वेळी सलमान खानने कमाल आर. खानवर मानहानीचा दावा लावला. आपल्या रिव्ह्यूमुळे दावा झाला, असं कमाल खान म्हणत होते, तर सलमानच्या वकिलांचं म्हणणं होतं की, वाद रिव्ह्यूचा नसून बदनामीकारक आरोपांचा आहे. जूनमध्ये मुंबईच्या दिवाणी न्यायालयाने कमाल खानना अशा पोस्ट टाकण्यापासून अंतरिम मनाई केली.

लोक सगळ्यात सहज चुकतात ते थिएटरमध्ये व्हिडिओ काढताना. हिरोची एंट्री शूट करून स्टेटसला ठेवणं निरागस वाटतं. पण २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली. बेकायदा प्रत काढण्याच्या हेतूने थिएटरात सिनेमा किंवा त्याचा भाग रेकॉर्ड केला, तर किमान ३ महिने ते ३ वर्षं तुरुंगवास होऊ शकतो. दंड किमान ३ लाख रुपयांपासून निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षेसाठी मर्यादित वापराची सूट आहे. पण अंधारात मोबाइलवर काढलेल्या क्लिपसाठी तिच्या भरवशावर राहू नका. ट्रेलरमधला फोटो वापरलेला बरा.

आणि कुणी फुकट तिकीट, भेटवस्तू किंवा पैसे देऊन पोस्ट टाकायला सांगितली असेल, तर ते पोस्टमध्ये स्पष्ट लिहावं लागतं. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये इन्फ्लुएन्सर्ससाठी तशा सूचना काढल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत दंड करू शकतं आणि पुन्हा तेच केलं तर ५० लाखांपर्यंत. पोस्टखाली हॅशटॅगांच्या गर्दीत ‘ॲड’ हा शब्द लपवलेला चालत नाही, तो सहज दिसेल असा हवा.