शेक आणि सलाईन

आमच्या घरात रेडिएशनला 'शेक' म्हणतात आणि केमोला नुसतं 'सलाईन'. मावशीच्या फाइलवर दोन्ही एकदम लिहिलेलं पाहून मामा हबकला. "आधी एक सरू दे की. दोन्ही एकदमच म्हणल्यावर बाईला सोसंल का रं?" मी इंजिनिअर, म्हणून कागद माझ्या हातात. माझा प्रांत सॉफ्टवेअरचा. पण वाचत गेलो तसं कळलं, मामाचा प्रश्न डॉक्टरांनीही विचारला होता.

१९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग यांनी जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासल्याचं प्रसिद्ध केलं. जिवाणू दुभंगायचे थांबले, नुसते लांबत गेले. करामत विजेची नव्हती, इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनमची होती. त्यातून पुढं सिसप्लॅटिन हे औषध आलं. किरणांनी पेशीतला डीएनए तुटतो, पेशी तो सांधू बघते. सिसप्लॅटिन ते सांधकाम बिघडवतं. म्हणून दोन्ही एकदम. सोमवार ते शुक्रवार शेक, आठवड्यातून एकदा सलाईन, असे पाचेक आठवडे. मग आतून द्यायचं रेडिएशन.

फेब्रुवारी १९९९मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं पाच चाचण्यांच्या आधारे सांगितलं, की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला ही जोडी द्यायचा गांभीर्यानं विचार करा. पण आपल्याकडच्या कितीतरी बाया दवाखान्यात पोचतात तेव्हा गाठ ओटीपोटाच्या भिंतीला भिडलेली असते, मूत्रनलिका दबलेली, अंगात रक्त नाही. आणि सिसप्लॅटिनचा घाव मूत्रपिंडांवरच.

मुंबईच्या टाटा मेमोरियलनं मग फक्त '३बी' टप्प्यातल्या ८५० बाया घेतल्या, जुलै २००३ ते सप्टेंबर २०११. निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना दोन्ही. निकाल २०१८मध्ये छापून आला. पाच वर्षांनी पहिल्या गटात शंभरातल्या ४६ हयात, दुसऱ्यात ५४.

"आठच?" मामा म्हणाला. मग थोड्या वेळानं, "आठ बाया म्हंजी आठ घरं."

मला मात्र दुसराच आकडा टोचतो. २०००च्या आसपास, शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा आणि बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या लोकांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायांचा अभ्यास सुरू केला. २००९मध्ये निष्कर्ष आला: ज्या गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी मिळाली, तिथं या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे. तुलनेच्या गटाला तपासणी दिलीच नव्हती. त्यावर पुढं वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.

मावशीचं सासर औशाचं. १९८२मध्ये लातूर वेगळा होईपर्यंत औसा उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. अभ्यास सुरू झाला तेव्हा ती पस्तिशीत होती. जिल्ह्याची रेघ मध्ये नसती, तर तिचं गाव कुठल्या गटात पडलं असतं, कुणास ठाऊक. हे मी मामाला सांगितलं नाही.

सोमवारी पहिला शेक. सलाईनच्या दिवशी पाणी भरपूर प्यायचं, एवढं मावशीनं डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलंय. पिशवीत तिनं दोन बाटल्या भरून ठेवल्यात.