स्थिर कॅमेऱ्याची अट
दादासाहेब फाळके यांच्या ‘श्रीकृष्ण जन्म’ (१९१८) या मूकपटात भयभीत कंसाचे मस्तक धडावेगळे होऊन वर जाते व पुन्हा धडावर येऊन बसते. अशा करामती त्या काळी दुहेरी छायांकनाने, म्हणजे तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर पुन्हा चित्रण करून, साधल्या जात, आणि कॅमेरा केसभर हलला तरी दोन चित्रणांचा सांधा उघडा पडे. ही जाचक अट संगणकाने शिथिल केली: ‘मोशन ट्रॅकिंग’मध्ये, म्हणजे ठळक बिंदूंचे स्थान चौकटीगणिक नोंदवण्याच्या क्रियेत, रस्त्यावरून धावणाऱ्या बसच्या पाटीचे चार कोपरे हेरले की कॅमेरा हलला तरी तिच्यावर बसवलेली नवी अक्षरे पाटीबरोबरच सरकतात, कलतात व लहानमोठी होतात. पाटीसमोरून कोणी गेले, तर मात्र त्याची आकृती आजही पुष्कळदा हातानेच कातरावी लागते.