शब्द वजा केल्यावर : एका प्रहसनाचे मूकपटीय रूपांतर

लाबिश व मार्क-मिशेल यांचे ‘इटालियन गवती टोपी’ हे प्रहसन १८५१ साली पॅरिसच्या पाले-रॉयाल नाट्यगृहात आले. ‘व्होदव्हिल’च्या संकेतानुसार त्यात चुरचुरीत संवादांच्या जोडीला पदेही होती. रने क्लेअर यांनी १९२८ च्या मूकपटात ही दोन्ही अंगे गमावली. तरीही प्रहसन उणावले नाही. असे का व्हावे?

याचे उत्तर बर्गसाँ यांच्या हास्यविषयक ग्रंथात (१९००) सूचित झाले होते. घरंगळत फुगत जाणाऱ्या हिमगोळ्याचे तत्त्व विशद करताना त्यांनी याच नाटकाचा दाखला दिला. नवरदेवाचा घोडा एका विवाहितेची टोपी खातो आणि तशाच टोपीच्या शोधात तो, त्याच्यामागे अवघे वऱ्हाड, धावत सुटते. हास्याचे मूळ उक्तीत नसून या यंत्रवत गतीत आहे. क्लेअर यांनी ती गती राखली. शीर्षक-पाट्या मोजक्या ठेवून विनोदाचा भार हातमोजा, टाय, घट्ट बूट अशा वस्तूंवर टाकला. सारेच निःशब्द असलेल्या या विश्वात बहिऱ्या पात्राचा विनोदही शब्दाकडून कानाला लावायच्या कर्ण्याकडे सरकला.

कथाकाळ त्यांनी १८९५ वर, म्हणजे ल्युमिएर बंधूंच्या पहिल्या जाहीर खेळाच्या वर्षावर आणला. नाट्यसंहितेशी निष्ठा राखत असतानाच चित्रपट येथे स्वतःच्या उगमाचे स्मरण करतो. रूपांतराची निष्ठा शब्दांशी की रचनातत्त्वाशी, या वादात म्हणूनच ही कृती दुसऱ्या पक्षाची सबळ साक्ष ठरते.