पूर्णविराम कोण देतो?

परसवाड्याच्या वर्गात श्रुतलेखन सांगताना आम्ही शिक्षक विरामचिन्हेही उच्चारतो. नाही तर मुले दोन वाक्ये एकत्र लिहून मोकळी होतात. जीवाणूच्या पेशीतही असेच श्रुतलेखन चालते. आरएनएवरील तीन-तीन अक्षरांचे शब्द वाचून रायबोसोम प्रथिनाची साखळी गुंफतो. त्यांपैकी तीन शब्द केवळ पूर्णविरामाचे आहेत, हे १९६५ ते १९६७ या काळात स्पष्ट झाले. पण ते ओळखतो कोण? १९६७ साली मारिओ कापेची यांनी दाखविले की, हे काम प्रथिनाचे आहे. पुढल्याच वर्षी अशी दोन प्रथिने वेगळी ओळखली गेली. पूर्णविराम येताच ती तयार साखळी सोडवितात.

हे वाचन बिघडले तर? पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पुढे स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरील औषध तयार होऊ लागले. १९६४ साली लुइगी गोरिनी व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले की, हे औषध रायबोसोमला चुकीचे वाचावयास लावते. एरवी हजारो शब्दांत एखादी होणारी चूक वारंवार होते; पूर्णविरामही ओलांडले जातात. औषधाला न जुमानणारे काही जीवाणू मात्र अधिक काटेकोर, पण अधिक सावकाश वाचतात. अचूकतेलाही मोल द्यावे लागते, ते असे.

रोग्याने उपचार अर्धवट सोडले, तर न जुमानणाऱ्या जीवाणूंचेच फावते. म्हणून औषधाचा पूर्णविराम डॉक्टरांनीच द्यावा, रोग्याने नव्हे.