पिसांचा दप्तरखाना : पाणपक्षी, पारा आणि मुरुडचा किनारा

१/ मुरुड तालुक्याच्या उत्तर टोकाला, कोर्लईच्या किल्ल्यापाशी, कुंडलिका समुद्राला मिळते. या मुखासाठी निजामशाही, पोर्तुगीज आणि मराठे झुंजले. त्या झुंजींची साक्ष दप्तरांतून मिळते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच नदीकाठी, रोह्याजवळच्या धाटाव येथे रासायनिक कारखाने उभे राहिले. त्या काळात खाडीच्या पाण्यात काय मिसळले, याची साक्ष कोणत्या दप्तरात शोधायची? एक दप्तर पक्ष्यांच्या अंगावर असते.

२/ पीस वाढत असताना रक्तवाहिन्यांशी जोडलेले असते. अन्नातून रक्तात आलेला पारा पिसातील केराटिनच्या गंधकाला घट्ट चिकटतो. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा थांबतो आणि नोंद बंद होते. मराठेशाहीतील पत्राच्या अखेरीस ‘मोर्तब’ उमटावी, तसेच हे.

३/ ही साक्ष किती मोलाची, हे स्वीडनने दाखवले. तेथे १९४० च्या सुमारास बियाण्यांना पारायुक्त बुरशीनाशक लावण्याची प्रथा पडली; पुढे शेतांत पक्षी मरू लागले. संशोधकांनी संग्रहालयांतील जुनी पिसे तपासली. सुमारे शंभर वर्षे जवळजवळ स्थिर असलेले पाऱ्याचे प्रमाण १९४० नंतर १० ते २० पटींनी चढलेले आढळले. हा अभ्यास १९६६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी त्या देशाने बियाण्यांवरील अल्किल-पाऱ्याचा वापर थांबवला.

४/ महाराष्ट्रातही असा संग्रह आहे. १८८३ साली मुंबईत आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. सोसायटीच्या कपाटांत जतन केलेल्या पक्ष्यांना स्थळ आणि तारखेच्या चिठ्ठ्या बांधलेल्या आहेत. त्यांतले कित्येक पक्षी औद्योगिक वसाहतींच्या आधीचे आहेत.

५/ मात्र साधनचिकित्सा येथेही सुटत नाही. पूर्वी कातड्यांना कीड लागू नये म्हणून आर्सेनिकचा साबण चोळत. काही ठिकाणी पाऱ्याचे क्षारही वापरत. म्हणजे मोर्तब झाल्यावर दप्तरदारानेच कागदावर नवा मजकूर चढवला! त्यावर उपाय सापडला तो मिथिल-पारा स्वतंत्रपणे मोजण्याचा. चिखलातील जीवाणू पाऱ्याचे हे रूप घडवतात आणि ते अन्नसाखळीतून पक्ष्यात पोचते. जतनाच्या क्षारांतून ते येत नाही. या पद्धतीने आर्क्टिकमधील आयव्हरी गल या कुरवाच्या १३० वर्षांच्या पिसांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात मिथिल-पारा सुमारे ४५ पट वाढल्याचे दिसले.

६/ दुसरा प्रश्न : साक्षीदार कोठला? हिवाळ्यात कोकणात उतरणाऱ्या चिखल्या-तुतवारांचे एखादे पीस दूर उत्तरेत उगवलेले असू शकते. ते त्या प्रदेशाची हकीकत सांगते. स्थानिक साक्ष हवी असेल तर घरट्यातल्या बगळ्याचे पिल्लू पाहावे. त्याला भरवलेले अन्न आसपासच्या खाडीतलेच असते. वनखात्याच्या परवानगीने एक-दोन पिसे घेतल्यास पिल्लाचा जीव जात नाही. शिसे मात्र बाहेरूनही पिसावर बसते, म्हणून पीस धुऊनच तपासावे लागते.

७/ हे केवळ पक्ष्यांपुरते नाही. १९५६ साली जपानमधील मिनामाता येथे पाऱ्याची विषबाधा अधिकृतपणे नोंदली गेली. त्याआधीच तिथली मांजरे झटके येऊन मरत होती आणि पक्षी आकाशातून कोसळत होते. पुढे त्या गावाच्या नावाने पाऱ्याविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने २०१८ साली त्याला मान्यता दिली. मासे, कासवे, पक्षी यांतील पाऱ्यावर देखरेख ठेवण्यासाठी सहकार्य हा त्या कराराचा भाग आहे.

८/ कोर्लईच्या चिखलात बगळा ज्या निवट्या आणि बोईट टिपतो, त्याच कोळ्यांच्या ताटात येतात. बगळ्याच्या पिसातली नोंद म्हणूनच माणसाच्याही अन्नाची नोंद ठरते. जुने दप्तर कपाटात सुरक्षित आहे. पण तुलनेला आजचे पान हवे. स्थळ आणि तारीख लिहून ठेवलेले आजचे पीस शंभर वर्षांनी अस्सल साधन ठरेल. चिठ्ठी नसेल, तर ते नुसते पीस.